रत्नागिरी ते सावंतवाडी, लाकडाच्या वाटेने

शनिवार, रत्नागिरी

थिबा पॅलेसला लोक राजाची करुण कहाणी ऐकायला जातात. आम्ही खिडक्या बघायला गेलो. दिवाळी नुकतीच सरली होती, दादाला सुट्टी होती आणि कोकणपट्टीतलं लाकूडकाम एकदा सलग बघायचं हे आम्हा भावंडांचं फार वर्षांपासून ठरत होतं. दादा सिव्हिल इंजिनियर, काँक्रीटमधला माणूस. मी पुण्यात इंटिरियरची कामं करते, म्हणजे प्लाय, लॅमिनेट आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळ्या, हे माझं रोजचं सामान. ज्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवेत मीठ असतं आणि जमिनीतून वाळवी वर येते, तिथे जुनं लाकूड दीड-दोनशे वर्षं टिकतं कसं, हा माझा प्रश्न होता.

राजवाड्याच्या अर्धगोल खिडक्यांवरची नक्षी आणि उतरती छपरं रस्त्यावरूनच नजरेत भरतात. आत गेल्यावर मी जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला. शंभर वर्षांहून जास्त काळ हजारो हातांनी घासलेलं सागवान असं काही गुळगुळीत होतं की कुठल्याही पॉलिशला ते जमणार नाही. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा 1910 मध्ये इथे राहायला आला आणि 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याच्या गोष्टीतला सागवानाचा धागा फारसं कोणी सांगत नाही. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी उत्तर ब्रह्मदेशातल्या जंगलांतून सागाचे ओंडके काढायची. जेवढे ओंडके नेले तेवढ्यांचे पैसे दरबारात भरले नाहीत, असा ठपका ठेवून थिबाच्या दरबाराने 1885 मध्ये कंपनीला जबर दंड ठोठावला. इंग्रजांचं खरं दुखणं होतं थिबाची फ्रेंचांशी वाढणारी जवळीक. निमित्त मात्र सागवानाचं मिळालं आणि काही दिवसांच्या युद्धात राज्य गेलं.

मला त्याहून जास्त भावते ती थिबाच्या कारकिर्दीच्या सुरुवातीची गोष्ट. मंडालेचा राजवाडा सगळा सागवानी होता. त्याचे वडील मिंडोन ज्या महालात वारले, तो महाल थिबाने उतरवला, राजवाड्याबाहेर नेला आणि तिथे मठ म्हणून पुन्हा उभारला. 1945 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, राजवाडा जळून खाक झाला. बाहेर नेलेला तो श्वेनांदॉ मठ आजही उभा आहे. दगडविटांचा महाल असा हलवता आला असता का? लाकडी इमारत सांध्यांवर उभी असते, आणि जो सांधा बसवता येतो तो सोडवताही येतो. पुढच्या सगळ्या प्रवासात मी हेच शोधत राहिले.

संध्याकाळी मिरकरवाडा बंदरावर गेलो. फायबरच्या होड्यांची गर्दी आता जास्त. पण एक लाकडी होडी काठावर ओढून आधारांवर तोलून धरली होती आणि दोघेजण तिच्या फळ्यांच्या फटींत छिन्नीने कापूस ठासत होते. वरून राळ आणि तेलाचा लेप. त्यातल्या थोरल्याने सांगितलं की फटी ठासून भरायच्या, पण मर्यादेत. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं आणि उरलेलं काम ते स्वतःच करतं. फार ठासलं तर फुगलेल्या फळीला जायला जागा राहत नाही, मग ती खिळ्यातून निसटते. होडीच्या फासळ्यांना सरळ लाकूड कापून वाकडं करत नाहीत. मुळातच वाकलेली फांदी शोधतात, म्हणजे रेषा तुटत नाही आणि जोर शेवटपर्यंत टिकतो. हे ऐकताना दादा पहिल्यांदा वही काढून लिहायला लागला.

रविवार, कशेळी ते विजयदुर्ग

सकाळी पावसमार्गे कशेळी. कनकादित्याचं देऊळ म्हणजे महाराष्ट्रातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक. शिलाहार राजा भोज याचा शके 1113 चा, म्हणजे 1191 सालचा ताम्रपट या गावाशी जोडलेला आहे. सभामंडपात लाकडावर कोरलेली देवदेवतांची आणि पुराणातली चित्रं आहेत. मान वर करून बघत राहिलो ती दुखेपर्यंत.

ही नक्षी टिकली याचं अर्धं श्रेय कोरणाऱ्याचं आणि अर्धं छपराचं. कोकणी बांधकामात लाकूड पावसापासून दूर ठेवण्यासाठी सगळा जीव ओतलेला दिसतो. छपराचा उतार तीव्र, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून वासे बाहेर काढलेले, खांबाच्या बुडाखाली दगडी तळखडा. खांब थेट जमिनीत पुरला तर ओल चढते आणि वाळवीला आयती वाट मिळते. तळखड्यावर उभ्या असलेल्या खांबाला खालून वारा लागतो, आणि वाळवी चढायला लागली तर तिची मातीची रेघ डोळ्यांना दिसते, केरसुणीने झाडता येते. भिंत जांभ्याची असली तरी अनेक जुन्या घरांत छपराचा भार खांब आणि तुळयाच घेतात. भिंत पडली तरी घर उभं राहतं, असं म्हातारी माणसं सांगतात ते याच रचनेमुळे.

देवळाजवळच्या एका घरात पाणी प्यायला थांबलो. ओटीवर झोपाळा, आत माजघराला जाड उंबरठा, आणि दोन फळ्यांचं कवाड. घरातल्या आजींनी ते उघडून झाकून दाखवलं. पावसाळ्यात लागायला त्रास होतो का, असं मी विचारलं. "नाही गो, आमच्या सासऱ्यांच्या आधीपासूनचं आहे. श्रावणातसुद्धा सरळ लागतं." कारण कवाडातच होतं. बाहेर जाड चौकट, आत खाच, आणि त्या खाचेत पातळ फळी नुसती सरकवलेली. तिला खिळा नाही, सरस नाही. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र हवेतल्या ओलीबरोबर फुगतं आणि आटतं. मधली फळी खाचेतल्या खाचेत हलते, चौकटीचं माप बदलत नाही. ज्या सुताराने हे केलं त्याच्याकडे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र नव्हतं. त्याने पावसाळे पाहिले होते.

मी ग्राहकांना जे फ्लश डोअर बसवून देते, त्याच्या कडेची पट्टी किनाऱ्यावरच्या घरांत काही वर्षांत सुटते. त्यात वस्तू बनवणाऱ्याचा दोष कमी, निवड करणाऱ्यांचा जास्त. आपण हवा न बघता दार निवडतो.

आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घेतलं. सागरी मार्गाने, वाघोटणचा पूल ओलांडून विजयदुर्गला पोचेस्तोवर अंधार पडला होता. किल्ला तेवढ्यात पाहून होण्यासारखा नव्हता.

सोमवार, विजयदुर्ग आणि गिर्ये

किल्ल्यावर मार्गदर्शक तोफा आणि तटबंदी दाखवतात. पण विजयदुर्गचं खरं बळ लाकडाचं होतं. गुराबा, गलबतं, तरांडी, शिबाडं अशा लहानमोठ्या जहाजांचं आरमार या खाडीत असे. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांनी समुद्राकडून हल्ला केला. एक तोफगोळा, तेव्हा किल्ल्याचे धनी असलेल्या तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातल्या 'रेस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला, आग लागली आणि एकाला एक बांधून ठेवलेल्या गलबतांवर ती पसरली. पिढ्यांनी घडवलेलं आरमार एका संध्याकाळी जळालं. बुरुजावर उभं राहून खाडीकडे बघताना मला त्या जहाजांच्या सुतारांची आठवण झाली. इतिहासाच्या पुस्तकांत सरदारांची नावं असतात, जहाजाचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, ज्याने घातला त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

पुढे किल्ला पेशव्यांकडे आला आणि आनंदराव धुळपांच्या हाताखाली इथलं आरमार पुन्हा उभं राहिलं. 1783 मध्ये त्यांनी इंग्रजांचं 'रेंजर' हे जहाज पकडलं. गिर्ये गावातल्या रामेश्वराच्या देवळासमोर एक उंच डोलकाठी उभी आहे. गावात सांगतात की ती धुळपांच्या काळातल्या लढाऊ जहाजाची. त्या काठीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. ज्या लाकडाने शीड पेललं ते आता देवाचा ध्वज पेलतं. जहाज मोडलं म्हणून डोलकाठी जाळायची, असं कोणाच्या मनात आलं नाही.

गिर्याजवळ वाघोटण खाडीच्या एका फाट्यावर मराठा आरमाराची गोदी आहे. खडक फोडून केलेला मोठा खळगा. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की बुडाशी काम करायचं. आज तिथे झुडपं आहेत आणि चिखल आहे, तरी कातळाची सरळ कड दिसते. पाटी शोधावी लागते. अशी जागा इतक्या दुर्लक्षात असावी याचं वाईट वाटतं.

इथे बसून मी दादाला आज्ञापत्रातला आरमाराचा भाग सांगितला. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेला हा राजनीतीवरचा ग्रंथ. आरमाराला तख्ते, सोट, डोलकाठ्या यांसाठी थोर लाकूड लागतं हे सांगून अमात्य म्हणतात की जंगलातला साग हुजूरच्या परवानगीनेच तोडावा, उरलेलं लाकूड परमुलखातून विकत आणावं. रयतेच्या आंब्या-फणसाला मात्र हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊनच तोडावं, जबरदस्ती मुळीच करू नये. लढाईच्या धामधुमीत, जहाजांची निकड असताना, एका माणसाने फणसाच्या झाडाचा आणि ते लावणाऱ्याच्या दुःखाचा विचार केला. मी जेव्हा जेव्हा ते वाचते तेव्हा मला त्यांच्याबद्दल नव्याने आदर वाटतो.

सागाचं मोल युरोपालाही कळलं होतं. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या अंगच्या तेलामुळे लोखंडही शाबूत राहतं आणि कीडही लांब राहते. सुरतेहून 1736 मध्ये मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने पुढे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. तिथे 1817 मध्ये पाण्यात उतरवलेलं 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगतंय, दोनशे वर्षं उलटून गेली तरी. दादाने लगेच फोनवर त्याचे फोटो शोधले आणि गोदीच्या कातळावर बसून ते मोठे करून करून बघत राहिला.

मंगळवार, वाटेत

देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. अवकाळी पाऊस लागला आणि दिवस बहुतेक गाडीतच गेला. मालवणला जेवणघरात आत नारळ खवण्याचा आवाज येत होता. लाकडी पाटाला लोखंडी पातं बसवलेली आडोळी. या घरांत मिक्सर आला, फ्रीज आला, आडोळी गेली नाही, कारण पाटावर बसून पायाने दाबून धरलेल्या पात्यावर नारळ जसा खवला जातो तसा दुसऱ्या कशावर होत नाही.

बुधवार, पिंगुळी आणि सावंतवाडी

कुडाळजवळचं पिंगुळी हे ठाकर कलावंतांचं गाव. कळसूत्री बाहुल्या, चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी, चामड्याच्या छायाबाहुल्या इथे पिढीजात आहेत. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी 2021 ची पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या घरच्या संग्रहालयात या बाहुल्या जवळून बघता येतात. एक लाकडी बाहुली हातात घेऊन बघितली. डोकं आणि धड हलक्या लाकडाचं, हात वेगळे, दोऱ्यांवर तोललेले. जड लाकूड घेतलं तर खेळ संपेपर्यंत बोटं दमतात. लाकूड निवडणं म्हणजे मजबूत तेवढं निवडणं नव्हे, हे इथे हातालाच कळलं.

दुपारी सावंतवाडी. मोती तलावाच्या काठावरून चितार आळीत शिरलं की दोन्ही बाजूंना लाकडी आंबे, केळी, फणस, सीताफळं, भोवरे, भातुकली, बैलगाड्या, पाट, चौरंग. लहानपणी मुंबईहून गावी येताना आई हमखास इथे थांबायची. खेळण्यांसाठी जुन्या काळी पांगाऱ्याचं लाकूड वापरत. काटेरी झाड, उन्हाळ्यात लालभडक फुलतं, लाकूड मऊ आणि अगदी हलकं. आता आंब्याचं जास्त दिसतं.

एका दुकानामागच्या कारखान्यात लाखेचं काम चाललं होतं. वेगाने फिरणाऱ्या लाकडी तुकड्यावर कारागीर रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानाने घोटली की चकाकी येते. ब्रश नाही, थिनर नाही, वास नाही. लाख लाकडात धरून राहते, बाळाने तोंडात घातलं तरी पोपडा निघत नाही. रंगकामाच्या नावाखाली मी घरोघरी जे फवारून घेते त्याला महिनाभर वास येत राहतो.

राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवणारे कलाकार काम करताना बघायला मिळतात. दशावतारी गंजिफाची पानं गोल, एकूण 120, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. पानं लाकडाची नसतात, पण ती ठेवायची पेटी लाकडीच, आणि तीही पानांइतक्याच निगुतीने रंगवलेली. एक काळ असा आला होता की ही कला जाणणारे पुंडलिक चितारी हे म्हातारे कारागीर तेवढे उरले होते. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, शिकवायला लावली, राजवाड्यातच कारखाना घातला. राजघराण्यातली माणसं कारागिरापुढे शिष्य म्हणून बसली, ही गोष्ट मला राजवाड्याच्या कुठल्याही दालनापेक्षा मोठी वाटली. नव्या मुली मान खाली घालून मत्स्यावतार रंगवत होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "एका पानावर चूक झाली तर पूर्ण जोडच अडतो." कारण एक पान पाठीमागून वेगळं दिसलं की डाव फुटतो.

गुरुवार, वेंगुर्ल्याच्या वाटेवर

ओळखीच्यांनी एका मेस्त्रींचा पत्ता दिला होता. माडाच्या सावलीत पत्र्याची शेड, दाराशी फणसाच्या फळ्यांचा ढीग. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये चिपा घालून वारा खेळेल असा रचलेला, आणि प्रत्येक फळीच्या टोकाला खडूने तारीख. "तौक्तेत पडलो तो फणस," मेस्त्री म्हणाले. मे 2021 च्या त्या वादळात सिंधुदुर्गात फार झाडं पडली. बऱ्याच लोकांनी ती सरपणाला घातली, यांनी मिळतील तेवढी उचलून आणली.

त्यांनी रंध्याने एका फळीची वरची साय काढून दाखवली. आत हळदीसारखा पिवळा. "फणसाचा लाकूड पयला पिवळा दिसता, मागीर तांबूस होता. आणि आतल्या गाभ्याक वाळवी सहसा लागणा नाय." देव्हारा, पाट, खांब, मृदंगाचं खोड, वीणा, एवढं सगळं या एका झाडातून निघतं. सागापेक्षा स्वस्त, आणि कोकणात परसात उभा.

मी गणपतीसाठी चौरंग सांगितला. खिळे नकोत म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "बाय, खिळो मारलो की लाकूड अडकला. उद्या काढूचा झाला तर फाडूचाच लागता." मग त्यांनी सांध्याचं काम दाखवलं. एका लाकडाला कुसू, म्हणजे पुढे आलेली जीभ, काढायचं, दुसऱ्याला पटाशीने त्याच मापाचं भोक पाडायचं, आणि दोन्हींतून आडवी लाकडी खुंटी ठोकायची. भोकं मुद्दाम केसभर पुढेमागे पाडतात, त्यामुळे खुंटी आत जाताना सांधा ओढून घेते. मी विचारलं, सरस? "लागणा नाय. घातलस तर सोडवतलंस कसा?"

शेडच्या मागे जुन्या घराचे खांब आणि तुळया टेकवून ठेवल्या होत्या. गावातलं एक घर उतरवलं, मालकाने स्लॅब घातला. लाकूड घ्यायला शहरातून व्यापारी आले होते, हॉटेलांच्या सजावटीसाठी. मेस्त्रींनी निम्मं लाकूड स्वतः विकत घेतलं आणि आता शेजारच्या गावात एका देवळाच्या मंडपासाठी तेच खांब बसवणार आहेत. प्रत्येक खांबाच्या डोक्याशी पटाशीने मारलेल्या खुणा होत्या, एक चीर, दोन चिरा, फुली. कुठला खांब कुठल्या तुळईखाली जायचा ते घर बांधणाऱ्याने लिहून ठेवलेलं. घर उतरवणाऱ्या मेस्त्रींनी ते वाचलं आणि त्याच क्रमाने खांब मांडून ठेवले. दादा त्या खुणांवरून बोट फिरवत म्हणाला, "आमच्या ड्रॉइंगवर असतं तेच आहे हे, फक्त कागद हरवायची भीती नाही."

मापं ठरली. बैठक दीड फूट, पाय कातीव, कड साधी, नक्षी नको. चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी न्यायचा. गाडीत मावायला पाय वेगळे आणि फळी वेगळी देणार, घरी आम्हीच जोडायचा. "जमात ना?" असं म्हणत त्यांनी तयार असलेला एक चौरंग दादाच्या पुढ्यात उलटा ठेवला, मोगरी त्याच्या हातात दिली आणि खुंट्या कुठल्या बाजूने मारल्या की निघतात ते दाखवलं. दादाने चारही पाय मोकळे केले. मेस्त्रींनी ते मुद्दाम मिसळून टाकले. मग दादा प्रत्येक पायावरची चीर मोजत खाली बसला, आणि मी शेजारी बसून फळीच्या पाठच्या खुणा त्याला वाचून दाखवायला लागले.